आईची साखर आणि रिकामा रकाना

एडिसन, न्यू जर्सी : आमच्याकडे सॉफ्टवेअरमधल्या मराठी मंडळींचा एक नवा उद्योग सुरू आहे. आई-बाबा पुण्याहून, नाशिकहून सकाळची उपाशीपोटीची साखर व्हॉट्सअ‍ॅपवर कळवतात आणि इकडे मुलं जावास्क्रिप्टमध्ये छोटंसं पान लिहून आठवड्याची सरासरी काढतात. काळजी खरी आहे, हौसही चांगली. पण ती सरासरी काढण्याची पद्धत पाहिली की मला धडकी भरते.

जावास्क्रिप्टमध्ये सर्वात लहान आणि सर्वात मोठी संख्या शोधायला 'मॅथ.मिन', 'मॅथ.मॅक्स' आहेत, सरासरीसाठी तयार काही नाही. बेरीज करा, 'लेंग्थ'ने भागा. इतकं सोपं, की कुणी तपासतच नाही. त्यात चौकटीत टाइप केलेला आकडा या भाषेला अक्षरं म्हणूनच मिळतो. तसेच १०, २०, ३० 'रिड्यूस'ला दिले आणि सुरुवातीला शून्य ठेवलं, तर सरासरी २० नाही, चक्क ३४०१० येते! ही चूक परवडली. एवढी साखर कुणाचीच नसते, त्यामुळे लगेच कळते.

घात करतो तो रिकामा रकाना. आईने दोन दिवस साखर मोजलीच नाही. कोरी जागा 'नंबर'मध्ये घातली, की ही भाषा मुकाट्याने ० देते. पाच दिवस १४०, दोन दिवस ०. बेरीज ७००, भागिले ७, सरासरी १००. इकडे मुलगा निर्धास्त, तिकडे साखर १४०च!

म्हणून आधी 'फिल्टर'ने भरलेले रकाने वेगळे काढा, तेवढ्यांनीच भागा. एकही नोंद नसेल तर तसं सरळ लिहा, नाहीतर ० भागिले ० होऊन 'नॅन' झळकेल. (आणि बाबा फोन करून विचारतील, हे नॅन कोण?)

शिवाय नुसती सरासरी दाखवूच नये, असं माझं स्पष्ट मत आहे. ६० आणि २४० यांची सरासरी १५०. सत्तरच्या खाली गेलेली साखर धोक्याची, पण ती त्या दीडशेत दिसतच नाही. शेजारी किमान आणि कमाल आकडा हवाच.

हल्ली एआय हे सगळं एका ओळीत लिहून देतो, असं सांगणारे भेटतात. देतो की! पण आईने दोन दिवस का मोजलं नाही, ते त्याला कुठून कळणार? न मोजलेले दिवस पानावर लाल रंगात दाखवा आणि लाल दिसलं की फोन लावा. बहुतेक वेळा पट्ट्या संपलेल्या असतात, आणि तुम्हाला उगीच त्रास नको म्हणून आई बोललेली नसते.