औषधांची वही

वडीलधाऱ्यांना वृद्धाश्रमात ठेवण्याचा विषय आपल्या घरांतून अजूनही दबक्या आवाजातच निघतो. निघाला, की आपण खोली पाहतो, जमीकंदाविना स्वयंपाक होतो का हे खोदून विचारतो. औषधे कोण आणि कशी देते, ही चौकशी मात्र राहून जाते.

तेथील औषधांची वही अवश्य पाहावी. गोळी गिळलेली पाहून त्याच क्षणी झालेली सही खरी. सकाळीच दिवसभराचे रकाने भरलेले दिसले, तर व्यापाऱ्याला अधिक सांगणे न लगे. न आलेल्या मालाची पोच कोणी लिहून देत नाही.

रात्रीची औषधे बहुधा जेवणानंतर दिली जातात. चौविहार पाळणाऱ्या आजी त्या वेळी पाणीही घेत नाहीत. वाद नको म्हणून गोळी उशाखाली जाते. वहीत ती ‘दिली’ असते. रक्तदाब उतरत नाही म्हणून डॉक्टर मात्रा वाढवतात. पुढे कोणी आग्रहाने ती वाढीव मात्रा खरोखरच घ्यायला लावली, की आजी उठताना चक्कर येऊन पडतात. यात आजींना दोष देणे मला तरी पटत नाही. त्यांचा नियम प्रवेशाच्याच दिवशी डॉक्टरांना सांगून वेळ बदलून घ्यायला हवी होती. ‘सूर्यास्तापूर्वी’ एवढेच लिहूनही भागत नाही, कारण महाराष्ट्रात हिवाळ्यात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, उन्हाळ्यात सात वाजून गेल्यावर. घड्याळाची वेळच लिहावी.

मधुमेहाचे औषध याहून नाजूक. उपवासाच्या दिवशी इन्सुलिन किंवा साखरेची काही औषधे नेहमीच्या मात्रेत दिली, तर साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. घाम, गुंगी, असंबद्ध बोलणे याला भोवतालची माणसे उपवासाचा थकवा समजून स्वस्थ बसतात. पर्युषणापूर्वीच डॉक्टरांकडून लेखी सूचना घ्यावी आणि ती वहीला जोडावी.

कॅप्सूलच्या जिलेटिनविषयीचा संकोचही समजण्याजोगा आहे. पण म्हणून कवच फोडून आतले औषध खलून देऊ नये. ओमेप्राझोलच्या कणांवर पोटातील आम्लापासून रक्षण करणारा लेप असतो. तो चुरडला की औषध वाया जाते. दीर्घकाळ हळूहळू विरघळणारी गोळी कुटली, तर दिवसभराची मात्रा एकदम अंगात जाते. वनस्पतिजन्य कवचाचा किंवा पातळ औषधाचा पर्याय आहे का, हे डॉक्टरांना विचारावे.

संधिवातासाठी मेथोट्रेक्सेट चालू असल्यास वहीत वारही लिहिलेला हवा. ते आठवड्यातून एकदाच घ्यायचे असते. चुकून रोज दिले गेल्याने माणसे दगावलेली आहेत.