चाळीची उघडी दारं आणि मिटलेली तोंडं

एडिसन असो की लंडन, गणपतीच्या महाप्रसादाच्या रांगेत एक वाक्य हमखास कानी पडतं: "आमच्या चाळीत मुलं कुठंही खेळायची, सगळ्यांची नजर असायची." तुम्हीही ते कधीतरी म्हटलं असेल. त्या नजरेबद्दल बोलू.

पॉक्सोखालच्या गंभीर लैंगिक अत्याचाराच्या दहापैकी नऊहून अधिक प्रकरणांत आरोपी मुलाच्या ओळखीचा असतो. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाचे आकडे वर्षानुवर्षं हेच सांगतात. चाळीची दारं उघडी होती, पण तोंडं मिटलेली होती. "घरातलं घरात मिटवा" हा सल्लाही शेजारच देत होता. तोच समाज परक्यावर मात्र तुटून पडतो. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात भिक्षा मागत फिरणाऱ्या पाच जणांना मुलं पळवणारे समजून जमावानं ठार मारलं. अशा अफवा तेव्हा व्हॉट्सअ‍ॅपवर फिरत होत्या. फॉरवर्ड करणाऱ्यांत आपण नव्हतोच, असं छातीठोक सांगता येईल?

मग मुलांची काळजी समाजावर सोडूच नये का? सोडावी, पण जमावावर नव्हे. १९९६ मध्ये मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्थेच्या प्रकल्पातून १०९८ ही हेल्पलाइन सुरू झाली. रस्त्यावरची मुलं स्वतः फोन करत आणि तासाभरात कार्यकर्ता तिथं पोचावा अशी अपेक्षा असे. तो प्रशिक्षित होता, वस्ती ओळखत होता आणि त्याला जाब विचारता येत होता. २०२३ पासून ही सेवा सरकारी यंत्रणेकडे गेली, ११२ शी जोडली गेली. नंबर तोच आहे. पण खरी ताकद गल्ली ओळखणाऱ्या त्या माणसात होती. प्रभाग पातळीवरच्या बाल संरक्षण समित्यांनी ही उणीव भरावी म्हणाल, तर मार्च २०२२ नंतर कित्येक वर्षं मुंबईत निवडून आलेला नगरसेवकच नव्हता. लोकांनी जाब विचारायचा कुणाला?

आपली मंडळं शाळांना कॅमेरे देतात, कारण कॅमेऱ्याखाली देणगीदाराची पाटी लावता येते. वस्तीत फिरणाऱ्या कार्यकर्तीच्या पगारावर पाटी लागत नाही. पुढच्या बैठकीत तिच्या तीन वर्षांच्या पगाराचा ठराव मांडा. आणि घरी फोन कराल तेव्हा एवढं सांगा: पॉक्सोच्या कलम १९ नुसार अत्याचाराची माहिती असणाऱ्या प्रत्येकानं ती पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. शेजाऱ्यानंसुद्धा.