पदेराकडून केक? लग्नात?

शीर्षकातलं वाक्य माझं नाही, आमच्या भावजींचं आहे. गेल्या मार्गशीर्षात मोठ्या भाचीचं लग्न झालं. त्याच्या तयारीला घरातली मंडळी बसली होती, तेव्हा ते हे बोलले आणि सगळे हसले. मीही हसलो. त्या हसण्याची नंतर लाज वाटली, म्हणून हे लिहितो आहे.

झालं असं, की भाचीला रिसेप्शनला कपकेक हवे होते. एक मोठा केक कापण्यापेक्षा चारशे छोटे केक, प्रत्येकाच्या हातात एक. मला कल्पना वाईट वाटली नाही. लग्न फोंड्याकडच्या एका देवस्थानाच्या सभागृहात, रिसेप्शन संध्याकाळी तिथल्याच अंगणात, त्यामुळे अंडं वर्ज्य. चांगली बेकरी शोधायचं काम माझ्यावर आलं. सरकारी कारकुनाला शनिवारी सुट्टी असते, हे नातेवाइकांना पंचांगापेक्षा पक्कं ठाऊक असतं!

आता काही संस्कृतिरक्षक वाचक म्हणतील, आपल्या लग्नात केक हवा कशाला? हे परक्यांचं खूळ. या मंडळींशी आधी दोन शब्द. तुमच्या आजीने पावसाळा सरता सरता धोणस केलं होतं की नाही? जून तवसं किसायचं, त्यात रवा, गूळ, खोबरं घालायचं, भांडं चुलीवर ठेवून झाकणावर निखारे पसरायचे. खालून आच, वरून आच. याला भट्टी नाही तर काय म्हणायचं? आणि अंडं नाही, सोडा नाही. म्हणजे आज बेकरीवाले ज्याला 'एगलेस' म्हणून वर दहा रुपये जास्त लावतात, तो पदार्थ आपल्या स्वयंपाकघरात आधीपासून आहे. खुद्द कपकेकही काही राजवाड्यातून आलेला नाही. १७९६ साली अमेरिकेत छापलेल्या अमेलिया सिमन्सबाईंच्या पाकपुस्तकात छोट्या कपांत भाजायच्या हलक्या केकची कृती आहे. साधं घरगुती खाणं. त्यावर साखरेचे मनोरे चढले आणि त्याची फॅशन झाली ती न्यूयॉर्कच्या एका बेकरीमुळे आणि टीव्हीवरच्या एका मालिकेमुळे, २००० च्या आसपास. तेव्हा कपकेकशी माझं भांडण नाही. भांडण आहे ते आपण तो कसा निवडतो याच्याशी.

तर पहिला शनिवार, पणजी. काचेचं दुकान, आत गारवा. मुलीने हसून स्वागत केलं आणि टॅबवर फोटो दाखवायला सुरवात केली. पहिला प्रश्न, "थीमचा रंग कुठला?" मी म्हटलं, रंगाचं नंतर बघू, एक खाऊन बघता येईल? तर चव बघायचा वेगळा डबा असतो, त्याचे वेगळे पैसे, आणि तो दोन दिवस आधी सांगावा लागतो. बरं, सांगतो. पण भाजता कधी? तिला माहीत नव्हतं. एका वेळी किती भाजता? तेही माहीत नव्हतं. कारण भाजणं तिथे होतच नाही, ते दुसरीकडे कुठेतरी होतं. तिथे फक्त सजावट आणि बिल. बरं, सजावट कसली, रंग कुठला, खोका कसला, या सगळ्याची उत्तरं मात्र तोंडपाठ.

दुसरा शनिवार, मडगाव. इथे तर टेबलावर तीन मजली केक मांडलेला. मी कौतुकाने बोट लावलं, तर आत थर्माकोल! वरून साखरेचा थर. म्हणे रिसेप्शनला बरेच लोक असाच घेतात, खालचे दोन मजले खोटे, वरचा खरा. फोटोत कळत नाही. मी यावर बराच वेळ विचार करत बाहेर उभा होतो. लग्नात थर्माकोलला सुरी लावणारं जोडपं, आणि टाळ्या वाजवणारे आपण.

मी खायचा माणूस आहे, पाककलेतला तज्ज्ञ नव्हे. पण कचेरीत वीस वर्षं फायलींवर शेरे मारून एक सवय लागली आहे, समोरच्या कागदात काय लिहिलेलं नाही ते आधी बघायचं. दोन्हीकडून एकेक कपकेक विकत घेतला, डब्यात घातला, स्कूटरवरून घरी आणला आणि चार तास पडवीत ठेवला. लग्नातला पाहुणा तो थंड कपाटातून काढून खाणार नसतो ना! चार तासांनी मी आणि बायकोने अर्धा अर्धा खाल्ला. वरची क्रीम जशीच्या तशी ताठ. लोणी असतं तर आपल्या हवेत पातळ झालं असतं. हे वितळत नाही, कारण ते वनस्पती तेल घट्ट करून बनवलेलं असतं. उन्हात वितळत नाही तसं ते तोंडातही वितळत नाही, टाळूला मेणासारखं चिकटतं. खालचा केक कोरडा. याचंही कारण सोपं आहे. केक दोन दिवस आधी भाजून फ्रिजमध्ये ठेवला, की तो बाहेरच्यापेक्षा लवकर शिळा होतो. भात फ्रिजमध्ये कडक होतो तसाच. आणि कपकेक जितका छोटा, तितका तो चारी बाजूंनी सुकणार. म्हणून बेकरीत विचारायचा पहिला प्रश्न रंगाचा नाही. कधी भाजणार, हा आहे.

आणि दुसरा, एका वेळी किती? हा हिशेब मला तिसऱ्या शनिवारी एका घरगुती केक करणाऱ्या बाईंनी शिकवला. फोंड्यातल्याच. त्यांच्या ओव्हनमध्ये एका खेपेला चोवीस बसतात. भाजायला वीस मिनिटं, काढ-घाल धरून अर्धा तास. चारशेला सतरा खेपा, म्हणजे साडेआठ तास. मग ते पूर्ण निवल्याशिवाय वर काही लावता येत नाही. बाई सरळ म्हणाल्या, "भाऊ, मी दीडशे करीन त्या दिवशी पहाटे उठून. चारशे सांगाल तर मला आदल्या दिवशी करावे लागतील, ते मी करणार नाही. आणि उघड्या अंगणात क्रीम देणार नाही. नुसते देईन, वर काजूचा चुरा." त्यांनी दिलेला नमुना दह्यातला होता. चार तास पडवीत ठेवला, तरी मऊ. बायकोने दुसरा मागितला. त्यांच्या पावतीवर अन्न परवान्याचा चौदा आकडी क्रमांकही होता, जो मडगावच्या त्या चकचकीत दुकानाच्या पावतीवर मला शोधूनही सापडला नाही. (सवय! काय करणार.)

उरलेल्या अडीचशेचं काय? तर सासष्टीतल्या एका गावात माझ्या कचेरीतल्या सहकाऱ्याच्या शेजारी एक जुनी भट्टी आहे. पहाटे पाव, उंडे, पोळ्या, कांकणं, आणि दुपारी भट्टी निवत आली की त्याच आचेवर बाथ. रवा आणि खोबऱ्याचा तो केक तुम्ही नाताळात शेजाऱ्यांकडून आलेल्या ताटात नक्की खाल्ला असेल. भट्टी चालवणाऱ्या आजीबाईंना मी विचारलं, अंड्याशिवाय होईल का? त्या विचारात पडल्या. मग म्हणाल्या, "तांतयां बगर जाता बाब, पूण ती बाथ न्हय." होईल, पण मग तिला मी बाथ म्हणणार नाही! इतकं सरळ उत्तर मला त्या तीन आठवड्यांत कुणीच दिलं नव्हतं. पुढच्या शनिवारी त्यांनी नारळाचं दूध आणि रवा घालून, छोट्या कागदी वाट्यांत भाजून सहा नग करून ठेवले होते. वरचा पापुद्रा तांबूस, आत ओलसर. धोणसाची सख्खी मावसबहीण. किंमत सांगितली पंचवीस रुपये, आणि ती सांगतानाही त्या संकोचल्या.

हा सगळा अहवाल मी घरच्यांपुढे ठेवला. दीडशे बाईंकडून, अडीचशे भट्टीवरून. त्यावर भावजींचं ते वाक्य आलं.

त्या वाक्यात काय काय आहे बघा. आपल्याकडे पोर्तुगिजांबरोबर भट्टी आली. पाव हा शब्द त्यांचा, पदेर हा शब्दही त्यांचाच. सासष्टीतल्या गावांनी ती विद्या उचलली. खमीर मिळेना, तर माडाच्या सुरेवर पीठ फुगवलं. आणि आपण काय केलं? विहिरीत पाव टाकून गाव बाटवल्याच्या गोष्टी सांगत कित्येक पिढ्या पाव घराबाहेर ठेवला. त्या भीतीमागे जुलूम होता, इन्क्विझिशन होतं, हे मी नाकारत नाही. पण भीती कधीच गेली. पाव माजघरात आला, रोज सकाळी पोंपों ऐकलं की आपण पिशवी घेऊन धावतो. गेला नाही तो फक्त तुच्छभाव. पदेराचा पाव चालतो, पदेराला मान चालत नाही. त्याच भट्टीवरची वस्तू कुणीतरी परदेशी नावाची पाटी लावून काचेत ठेवली, की तिला नव्वद रुपये.

होय, नव्वद. चारशे नगांचे छत्तीस हजार, कारण शेवटी पणजीच्याच दुकानाला काम मिळालं. गुलाबी रंग, वर साखरेची फुलं. आणि हेच आपण, पावाचा दर रुपयाने वाढणार अशी नुसती बातमी आली की चहाच्या टपरीपासून कचेरीपर्यंत चर्चा करतो. उंडे लहान झाले, पदेर लुटतात! पावावर जीएसटी शून्य आहे. केकवर २०२५ च्या सप्टेंबरपर्यंत १८ टक्के होता, आता ५ आहे. तो १८ टक्के भरताना कुणी हूं की चूं केल्याचं मला आठवत नाही. सुरा मिळेना म्हणून यीस्ट आलं, लाकूड महागलं, मुलं बोटीवर आणि परदेशी गेली, कित्येक भट्ट्या भाड्याने दिल्या गेल्या. मग आपणच व्याख्यानं देतो, गोव्याचा खरा पाव राहिला नाही हो! २०२० मध्ये आपल्या खाज्याला भौगोलिक मानांकन मिळालं, २०२३ मध्ये बेबिंकला. आपण अभिमानाने फोटो पुढे पाठवले. मानांकन पदार्थाला मिळतं. तो करणाऱ्या माणसाला काम द्यायचं असतं ते आपणच. लग्नाच्या हंगामात नाही दिलं, तर मग कधी देणार?

शिवाय लग्नात गोड वाटणं हे आपल्याला कुठून शिकायचंय? वोजें आहे ना. मुलीकडून मुलाच्या घरी जायचं, आणि तिथून वाड्यावर घरोघर वाटलं जायचं. लाडू, नेवऱ्या, केळी. ख्रिस्ती शेजाऱ्यांकडे त्यात बोल आणि दोदोल. नावच ओझं! कुणाच्या डोक्यावर किती जड गेलं, हे बघायला लोक दारात उभे राहायचे. म्हणजे दिखावा तेव्हाही होता, मी भाबडा नाही. पण तो दिखावा खाल्ला जायचा. तिसऱ्या दिवशी शेजारीण सांगायची, लाडू बरे होते, नेवरीत सारण कमी होतं. या एका वाक्याच्या धाकाने घरातल्या बायका रात्र रात्र जागायच्या. कपकेकबद्दल असं कोण सांगतं? लोक फोटो बघतात आणि 'क्यूट' म्हणतात.

लग्नाच्या दिवशी खोके दुपारी दोनला आले. संध्याकाळी मनोरा उभा राहिला, दिसायला खरंच सुंदर होता, भाचीचा चेहरा खुलला. त्याबद्दल माझी तक्रार नाही. मग वाटप झालं. मी यजमानांपैकी, त्यामुळे हातात ट्रे घेऊन फिरत होतो, सगळं दिसत होतं. मुलांनी फुलं चाटली. बायकांनी एक घास घेतला, कागदी रुमालात गुंडाळून खुर्चीखाली ठेवला. एका म्हाताऱ्या गृहस्थांनी मला हळूच विचारलं, "हें खावपाचें मरे?" रात्री आवरताना खुर्च्यांखालचे उष्टे कपकेक गोळा केले, ते दोन मोठ्या काळ्या पिशव्या भरून निघाले. मणगणं मात्र पातेल्यात थेंबभर उरलं नव्हतं. माईने, म्हणजे माझ्या बहिणीने, पिशव्यांकडे पाहिलं आणि काही बोलली नाही. भावजी मंडपवाल्याशी हिशेब करत होते.

दुसऱ्या दिवशी पाहुण्यांसाठी पाव हवे होते. सकाळी साडेसहाला पोंपों ऐकू आलं. माईनेच जाऊन पन्नास उंडे घेतले, आणि सुटे नाहीत म्हणून पदेराला दिलेले वरचे दहा रुपये परत मागितले नाहीत. हे मी प्रथमच पाहिलं.

धाकट्या भाचीचं पुढच्या वैशाखात ठरलं आहे. सभागृह देवस्थानाचंच, म्हणजे अंडं नाहीच. मी गेल्या शनिवारी सासष्टीत जाऊन आजीबाईंना अडीचशेची आगाऊ रक्कम देऊन आलो, तिसाच्या दराने, कारण पंचवीसला मीच नाही म्हटलं. फोंड्याच्या बाईंनाही तारीख सांगितली आहे. भावजींना अजून सांगितलेलं नाही.