काका, आधी एक फोन करायचा होता

घरमालक काका,


हे पत्र तुमच्या घरी पाठवता आलं असतं. पण आम्ही गावाला असताना तुम्ही दुसऱ्या चावीने आमचं दार उघडलंत, तेव्हा सोबत एजंट होता, वॉचमन होता आणि घर बघायला आलेलं एक अनोळखी कुटुंब होतं. जे चारचौघांत झालं, त्याचं उत्तरही मी चारचौघांतच मागते आहे.

हे मला कळलं कसं, ते तुम्हाला ठाऊक नाही. सासऱ्यांच्या वर्षश्राद्धासाठी आम्ही संगमेश्वरला गेलो होतो. तिथे माझ्या शाळेतल्या एका शिक्षिकेचा मेसेज आला. तीही मुलुंड पूर्वेला वन बीएचके शोधते आहे. एजंटने पाठवलेले फोटो तिने मला पाठवले आणि विचारलं, 'ही बिल्डिंग तुमच्या जवळच आहे ना? जागा कशी वाटते?' पहिल्या फोटोत आमचा पलंग होता, त्यावर माझ्या सासूबाईंची गोधडी. मग ओट्यावर पालथी घातलेली भांडी. मग देव्हाऱ्याचा कोपरा. पण देव खाली, जमिनीवर वर्तमानपत्रावर ठेवलेले. भिंतीतलं फडताळ किती खोल आहे ते गिऱ्हाइकाला दिसावं म्हणून. शेवटचा फोटो बाथरूमचा, दोरीवर आमचे कपडे वाळत होते. ते कोणते होते हे मी इथे लिहिणार नाही, पण तो फोटो किती मोबाइलांमध्ये फिरला असेल या विचाराने मला त्या रात्री झोप लागली नाही.

मी फोन केला तेव्हा तुम्ही म्हणालात, 'अॅग्रीमेंट ३१ मेला संपलं. आता ते माझं घर आहे, मी कधीही जाईन.'

करार ३१ मेला संपला, यात वाद नाहीच. भांडुपला ठरवलेल्या घराचं रंगकाम लांबलं, म्हणून आम्ही जूनच्या मध्यापर्यंत मुदत मागितली आणि तेवढ्या दिवसांचं भाडं आगाऊ देऊ केलं. 'चालेल' हा तुमचा मेसेज माझ्याकडे आहे. आणि ती दुसरी चावी? करार झाला त्या दिवशी आम्हीच ती आपण होऊन तुमच्या हातात दिली होती. नळ फुटला, शॉर्टसर्किट झालं तर घर उघडायला कुणी तरी असावं म्हणून. आमचा तुमच्यावर तेवढा विश्वास होता.

मी वकील नाही, पण त्या फोननंतर कायदा वाचून काढला. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९. त्याचं कलम २४ तुमच्याच बाजूचं आहे. लिव्ह अँड लायसन्सची मुदत संपली आणि राहणाऱ्याने जागा सोडली नाही, तर मालकाने सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करायचा. तो ताबा मिळवून देतो आणि जादा राहिलेल्या काळासाठी दुप्पट दराने भरपाई मागता येते. एवढं बळ कायद्याने तुमच्या हातात दिलं आहे. त्याच कायद्यात कलम २८ आहे. घराची पाहणी करायचा हक्क मालकाला आहे, पण आधी कळवून, आणि वाजवी वेळी. मालकाचं घर आहे हे धरूनच ते कलम लिहिलेलं आहे, आणि तरीही त्यात आधी कळवायला सांगितलं आहे.

मुदत संपल्यावर माणूस बेवारस होतो, असं आपल्याकडची न्यायालयं मानत नाहीत. मुंबई उच्च न्यायालयात मुख्य न्यायमूर्ती छागलांनी १९५४ साली के. के. वर्मा खटल्यात सांगितलं, की भाडेकरूचा हक्क संपला तरी त्याच्या ताब्याला कायद्याचं संरक्षण असतं. मी भाडेकरू नाही, लायसन्सवर राहणारी आहे, असं तुम्ही म्हणाल. कृष्णा राम महाले विरुद्ध शोभा व्यंकट राव हा सर्वोच्च न्यायालयाचा १९८९चा निकाल मुदत संपलेल्या लायसन्सवरूनच झाला होता. जागेत राहण्याचा हक्क उरलेला नसला, तरी स्थिर ताबा असलेल्या माणसाला मालकानेसुद्धा कायद्याच्या मार्गानेच बाहेर काढायचं, असं तो निकाल सांगतो.

तुमच्या मनातली भीती मला कळते, काका. तुमच्या पिढीने १९४७चा जुना भाडे कायदा पाहिला आहे. १ फेब्रुवारी १९७३ रोजी लायसन्सवर राहत असलेली माणसं त्या कायद्यातल्या दुरुस्तीने एका फटक्यात संरक्षित भाडेकरू झाली, आणि मालकांची घरं मालकांना परत मिळेनात. त्या धसक्याने या शहरात कितीतरी फ्लॅट वर्षानुवर्षं कुलूपबंद राहिले.  तुम्हीच एकदा आमच्याकडे चहा घेताना तुमच्या थोरल्या भावाच्या जागेची गोष्ट सांगितली होती. पण नवा कायदा ३१ मार्च २००० पासून लागू झाला आणि ती भीती त्याने काढून टाकली. आणि आम्ही तर भांडुपच्या घराचं डिपॉझिट भरून बसलो होतो, पॅकर्सवाल्याला दिवसही दिला होता. आम्ही घर बळकावू असं तुम्हाला खरंच वाटलं का?

सोसायटीच्या कमिटीलाही मला विचारायचं आहे. आमच्याकडे पाहुणा रात्री राहिला तर रजिस्टरमध्ये नोंद लागते. आमचं पोलीस व्हेरिफिकेशन झालं, टेम्पो आणायच्या आधी कमिटीची परवानगी घेतली. मग त्या दिवशी 'मालक आहेत' एवढ्यावर अनोळखी माणसांचा जथा वर कसा गेला? शेजारच्या वहिनींकडे माझा नंबर होता. त्यांना कुणी सांगितलं असतं, तर त्यांनी मला विचारलं असतं, आणि मी हो म्हटलं असतं. हो, हो म्हटलं असतं! फक्त वहिनींना सांगून देव्हाऱ्यावर पडदा ओढला असता आणि कपडे काढून ठेवले असते.

आता मागणं. एजंटच्या ग्रुपवरून ते फोटो काढायला लावा आणि ज्यांना पाठवले त्यांनाही पुसायला सांगा. जूनच्या जादा दिवसांचे पैसे डिपॉझिटमधून कराराच्या दराने कापा, आमची तक्रार नाही. दुप्पट हवे असतील तर सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करा, मी तारखेला येईन. 'साफसफाई' म्हणून जी रक्कम कापली आहे, तिची मात्र पावती दाखवा.

आणखी एक आहे. आम्ही परतलो तेव्हा देव पुन्हा फडताळात होते, पण जागा बदलल्या होत्या. अन्नपूर्णा बाळकृष्णाच्या मागे गेली होती. सासूबाईंना वाटलं, निघायच्या गडबडीत आपणच चुकीचे मांडले. वयामुळे विसरायला होतं या धास्तीत त्या आधीच असतात. दोन दिवस स्वतःला दोष देत बसल्या. शेवटी मी सांगितलं, की तुम्ही येऊन गेलात. त्यांचा विश्वास बसला नाही. 'काका असं करायचे नाहीत, तुझी काहीतरी चूक होते आहे,' म्हणाल्या. फोटो त्यांना दाखवायची माझी हिंमत होत नाही. तेव्हा तुम्हीच त्यांना फोन करून खरं काय ते सांगा. नंबर जुनाच आहे, दुपारी चारनंतर त्या उचलतात.

आपली,
तुमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरात कालपरवापर्यंत राहणारी