छत्रीचं तोंड कुणीकडे?

मैत्रिणींनो, टीव्हीचं चित्र गेलं की आपल्या घरात काय होतं? ‘अहों’नी गच्चीवर जाऊन छत्री हलवायची आणि आपण खिडकीतून ओरडायचं, "आलं... आलं... गेलं!" मागच्या पावसाळ्यात वाऱ्याने आमची छत्री फिरली तेव्हा हे गावाला गेलेले. चार दिवस मी मेकॅनिकची वाट बघत बसले. बी. ए. झालेली मी, पण छत्रीचं तोंड कुठल्या दिशेला असतं, हे मला माहीत नव्हतं!

ते शिकवलं शाळेची पायरी न चढलेल्या एका बाईनं. डिसेंबरात आमच्या गावाबाहेर ऊसतोड कामगारांची टोळी उतरली. लहान मुलांच्या लसींची आठवण करून द्यायला आम्ही मंडळाच्या बायका कोप्यांवर गेलो. बीडकडची एक बाई जमिनीत पाइप रोवत होती. शेजारी छत्री, सौर पाटी, बॅटरी आणि छोटा टीव्ही. हंगामातला तिचा हा तिसरा मुक्काम. प्रत्येक ठिकाणी छत्री नव्याने लावायची!

दोऱ्याला दगड बांधून तिने पाइप सरळ आहे ना ते पाहिलं. मग म्हणाली, "ताई, सकाळी साडेनऊला सूर्य जिकडं असतो ना, तिकडं तोंड. पर सूर्यापेक्षा लई वर बघायचं."

घरी येऊन मी पडताळून पाहिलं. डीडी फ्री डिशचा उपग्रह विषुववृत्ताच्या वर, सुमारे ३६ हजार किलोमीटर उंचीवर, ९३.५ अंश पूर्व रेखांशावर आहे. आपल्या भागातून तो आग्नेयेला, क्षितिजापासून साधारण ६० अंश वर येतो. आग्नेय म्हणजे आपली चुलीची दिशा! डिसेंबरात साडेनऊचा सूर्य बरोबर त्याच बाजूला असतो. बाईचं अगदी खरं होतं.

तिची दुसरी युक्ती तर फारच नामी. वर-खाली कलाच्या जागी तिने नेलपॉलिशची रेघ मारून ठेवली होती आणि तो नट ती कधीच सैल करत नाही. बीड काय अन् कोल्हापूर काय, उंचीचा कोन जेमतेम अर्ध्या अंशाने बदलतो. आडवी दिशा मात्र पाच-सहा अंशांनी सरकते. म्हणून छत्री फक्त आडवी, केसभर फिरवायची, दोन-चार सेकंद थांबायचं, मग पुन्हा फिरवायची. कोपीतून तिची पोरगी पडद्यावरच्या दोन पट्ट्यांपैकी ‘क्वालिटी’ची पट्टी बघत होती. दुसरी पट्टी उपग्रह न सापडताही भरलेली दिसते, तिच्यावर भुलायचं नाही. समोर झाड नको, तेही तिने आधीच पाहिलं होतं.

मी विचारलं, "अगं, नवऱ्याला का नाही सांगत?"

"तो गाडी खाली करायला कारखान्यावर जातो, रात रात रांगेत असतो. त्याची वाट बघितली तर पावसाची बातमी कवा कळायची? गेल्या साली अवकाळी आला, पीठ भिजलं, पोरं रातभर उभी राह्यली."

मी गप्पच झाले. आपण टीव्ही म्हणजे सासू-सुनांच्या मालिका समजतो. तिच्यासाठी तो कोपीवर वेळेत ताडपत्री ओढण्याचा इशारा आहे. दोघं मिळून एक कोयता, उचल मुकादमाकडून घरधन्याच्या हातात. पण आभाळाची खबर तिने स्वतःच्या हातात ठेवली आहे.

घरातल्या किती गोष्टी आपण ‘ते पुरुषांचं काम’ म्हणून सोडून देतो! फ्यूज, गॅसचा रेग्युलेटर, बँकेचा फॉर्म, आणि ही छत्री. अडाणी असतो म्हणून नव्हे, कधी हात लावून पाहत नाही म्हणून. ओल्या पत्र्यावर चढू नका, पण गच्चीवर जायला काय हरकत आहे?

परवा आमची छत्री पुन्हा हलली. मी पाना घेऊन वर गेले आणि खालून हे ओरडत होते, "आलं गं, आलं!"