लोहाराचा स्मिथ झाला, मग आमच्या पवाराला गल्ली का विचारता?

व्हॉट्सॲपवर एक मजकूर फिरतो आहे. इंग्लंडमध्ये लोहाराला स्मिथ, शिंप्याला टेलर, पाव भाजणाऱ्याला बेकर म्हणतात, जर्मनीत चांभाराला शूमाखर म्हणतात, आडनावे जगभर धंद्यावरूनच पडली, तिकडे कुणी अन्याय म्हणून ओरडत नाही, मग आपल्याकडेच जातीचे एवढे अवडंबर कशाला, असा त्याचा सूर. शेवटी हसणारा चेहरा. मनुवाद्यांनी तो पाठवला तर नवल नाही. पण आपलीच शिकलेली पोरे "माहितीपूर्ण" म्हणून तो पुढे ढकलतात, म्हणून हा लेख लिहावा लागतो आहे.

आधी कबूल करू, मजकुरातली माहिती खरी आहे. युरोपात आडनावे मुख्यतः चार वाटांनी आली: धंद्यावरून, गावावरून किंवा जागेवरून, बापाच्या नावावरून आणि दिसण्या-वागण्यावरून. जॉनचा मुलगा जॉन्सन, हान्सचा हान्सन, टेकडीजवळ राहणारा हिल, बुटका असेल तर जर्मनीत क्लाइन. कर गोळा करणाऱ्या सरकारला माणसे ओळखायची होती, म्हणून ही नावे हळूहळू कायमची झाली. हॉलंडमध्ये तर नेपोलियनच्या राजवटीत, १८११ साली, ज्यांना आडनाव नव्हते त्यांना ते घेऊन नोंदवण्याचा हुकूम निघाला. आइसलँडमध्ये आजही बहुतेकांना आपल्यासारखे घराण्याचे आडनाव नाही. तिथे बापाचे किंवा आईचे नाव लावतात.

माहिती खरी असली तरी निष्कर्ष खोटा आहे. स्मिथ आडनाव कशावरून पडले हे महत्त्वाचे नाही, पडल्यानंतर त्या माणसाच्या नातवाचे काय झाले हे महत्त्वाचे आहे. मायकल शूमाखर हा मोटार शर्यतीत सात वेळा जगज्जेता झाला. आडनाव चांभाराचे, बाप गवंडीकाम करणारा, आणि पोरगा ड्रायव्हर. "चांभाराच्या हातात स्टेअरिंग कसे दिले" असे जर्मनीत कुणी म्हटले नाही, कारण त्या आडनावात चांभार आहे हे कुणाच्या डोक्यातही येत नाही. मार्गारेट थॅचर अकरा वर्षे इंग्लंडची पंतप्रधान होती. थॅचर म्हणजे छप्पर शाकारणारा. तिचा बाप किराणा दुकानदार होता आणि थॅचर हे आडनाव नवऱ्याकडून आलेले. (बाईचे आडनाव लग्नानंतर बदलायचे ही खोड तिकडेही आहेच. त्यावर स्वतंत्र लिहीन.) छप्पर शाकारणाऱ्याच्या वंशात किराणेवाल्याची मुलगी गेली आणि गावाने त्यांच्यावर बहिष्कार टाकला नाही. काम बदलता येत होते आणि लग्न आडनावाबाहेर होत होते. म्हणून तिथे शब्द उरला आणि त्यातला धंदा विरून गेला.

युरोप म्हणजे समतेचा स्वर्ग होता असे मात्र कुणी समजू नये. जर्मन मुलखात जल्लाद आणि मेलेली ढोरे सोलणारे यांना शतकानुशतके "बेइज्जत" धरत. त्यांच्या मुलांना कारागिरांच्या संघात प्रवेश नव्हता, त्यांचा स्पर्श टाळत आणि त्यांची लग्ने आपापसातच होत. ढोरे सोलणारे! आपल्या आजोबांना हे ऐकून हसू आले असते. पण फरक पाहा. या भेदाला कोणत्या ऋषीने श्लोक लिहून दिला नव्हता. तो पोटासाठी आणि प्रतिष्ठेसाठी चाललेला कारागिरांचा दंडक होता. १७३१ च्या शाही हुकुमाने अशा घरांतल्या बहुतेक मुलांना इतर धंदे उघडे केले. ढोरे सोलणाऱ्यांच्या घरांना त्यातही वगळले होते, त्यांना आणखी काही दशके थांबावे लागले. तो प्रकार विझत गेला. देवाने ठरवलेली गोष्ट नव्हती, त्यामुळे हुकुमाने मोडता आली.

ज्यूंचे उदाहरण याच्या उलट आहे. ऑस्ट्रियाच्या सम्राटाने १७८७ मध्ये ज्यूंना जर्मन आडनावे घ्यायला लावली. म्हणजे नाव तर सगळ्यांसारखे झाले. पुढे हिटलरच्या राजवटीला तेच खुपले. नावावरून ज्यू ओळखू येईना, म्हणून १९३८ साली फर्मान निघाले की ओळखू येणारे ज्यू नाव नसलेल्या पुरुषाने नावात "इस्राएल" आणि बाईने "सारा" जोडलेच पाहिजे. ज्याला शोधायचेच आहे तो नावात खूण नसेल तर खूण घालून घेतो, एवढे इथे लक्षात ठेवा.

आता घरी या. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात ब्राह्मणाचे नाव मंगल असावे, क्षत्रियाचे बलाचे, वैश्याचे धनाचे आणि शूद्राचे तिरस्कार दाखवणारे असावे असा नियम आहे. आडनाव तर दूरच, बारशालाच जात चिकटवायची. महारांच्या नावाला "नाक" लागायचे. भीमा कोरेगावच्या विजयस्तंभावर १ जानेवारी १८१८ च्या लढाईत पडलेल्यांची नावे वाचा, "नाक" शेवटी असलेली नावे मोजा. आपल्या पणज्यांची नावे कचरू, धोंडू, दगडू का होती हा प्रश्न विचारला की घरातले म्हातारे "पोरं जगत नव्हती म्हणून" असे सांगतात. तेही खरे आहे. पण १९५६ नंतर एका पिढीत आपल्या घरांतून गौतम, मिलिंद, राहुल, सुजाता, प्रज्ञा अशी नावे निघू लागली, हे नवस फेडून झालेले नाही. पाळण्यातले नाव आपण स्वतः ठेवायला लागलो ही केवढी मोठी क्रांती होती याची नोंद समाजशास्त्राच्या पुस्तकांनी पुरेशी घेतलेली नाही.

पहिले नाव बदलले, आडनाव राहिले. आणि आडनावांची गंमत बाबासाहेबांनी "द अनटचेबल्स" या १९४८ च्या ग्रंथात दाखवली आहे. मराठ्यांची कुळे आणि महारांची कुळे तपासली तर मराठ्यांत असलेले आणि महारांत नसलेले कूळ क्वचितच सापडते, असा तो मुद्दा. वंश वेगळा म्हणून अस्पृश्यता आली या सिद्धांतालाच त्यांनी आडनावांनी सुरुंग लावला. आपल्याच मुलखातले बघा. बडोद्याचे सयाजीराव गायकवाड मूळचे मालेगाव तालुक्यातल्या कवळाण्याचे. कर्मवीर दादासाहेब गायकवाड दिंडोरीजवळच्या आंब्याचे. जिल्हा एकच, आडनाव एकच. एकाला गादीवर दत्तक घेतले आणि दुसऱ्याच्या समाजाला काळाराम मंदिराच्या दारात लाठ्या खाव्या लागल्या. आडनाव हीच जात असती तर हे झाले नसते.

मग कुलकर्णी, देशपांडे, देशमुख, पाटील या आडनावांचे काय? ही आडनावे धंद्याची नव्हेत, सत्तेची आहेत. कुलकर्णी वतन १९५० च्या कायद्याने गेले, मुलकी पाटीलकी १९६२ च्या कायद्याने गेली. आडनाव मात्र दारावरच्या पाटीवर मिरवते आहे. आमच्या खानदेशात मूळ कूळ भामरे असो की बोरसे, कागदावर पाटील लावायची हौस अनेक जातींना आहे. महारकीसुद्धा वतनच होती. १९२८ साली बाबासाहेबांनी मुंबई कायदेमंडळात त्यासाठी विधेयक आणले, आणि ही कनिष्ठ वतने कायद्याने रद्द व्हायला १९५८ उजाडले. तराळ, येसकर हीसुद्धा त्या वतनातून आलेलीच आडनावे. पण पाटील म्हटले की समोरचा खुर्ची पुढे करतो आणि तराळ म्हटले की त्याची नजर बदलते. स्मिथ आणि टेलर यांच्यात ही वरखाली उतरंड आज शिल्लक आहे का, ते त्या व्हॉट्सॲपवाल्यांनी सांगावे. कामे वाटून घेणे आणि काम करणाऱ्या माणसांना जन्माने कप्प्यांत कोंडणे यांतला फरक बाबासाहेबांनी १९३६ सालीच "जातिनिर्मूलन"मध्ये मांडला आहे. तो वाचायला एक दुपार पुरते.

खुद्द बाबासाहेबांचे आडनाव घ्या. घराणे सकपाळांचे, गाव मंडणगड तालुक्यातले आंबडवे. ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या शाळेच्या दप्तरात "भिवा रामजी आंबेडकर" अशी नोंद झाली. आंबेडकर गुरुजींची गोष्ट सगळ्यांना पाठ आहे आणि तिच्यावरून आपल्यात हमरीतुमरीही होते. मला तो वाद बिनकामाचा वाटतो. गुरुजींनी दिले असो की गावावरून आले असो, ऐकायला ब्राह्मणी वाटणाऱ्या त्या आडनावाने काय सुटले? १९१७ साली कोलंबिया आणि लंडनमध्ये शिकून आलेला हा माणूस बडोद्यात पारशी नाव नोंदवून पारशांच्या सराईत राहिला. अकराव्या दिवशी डझनभर पारशी लाठ्या घेऊन दारात उभे राहिले. १९२९ साली आमच्याच खानदेशात, चाळीसगावला, स्टेशनवरून महारवाड्यात न्यायला टांगेवाले तयार होईनात. तेव्हा ते बॅरिस्टर होते. खोटे नाव टिकले नाही आणि मोठे नाव उपयोगी पडले नाही.

आमच्या पिंपळनेरकडे आडनावाची चाचणी आणखी तिखट आहे. साक्री तालुक्याच्या या पश्चिम पट्ट्यात पवार, सोनवणे, गायकवाड ही आडनावे मराठ्यांत आहेत, कोकणा आणि भिल्ल आदिवासींत आहेत, बौद्धांतही आहेत. त्यामुळे "तुमनं आडनाव काय शे?" या प्रश्नाने विचारणाऱ्याचे समाधान होत नाही. मग "कोनता गावना?" मग "गावात कोनती गल्ली?" मग मामाचे आडनाव. मी ज्या पोरा-पोरींसोबत काम करते ते शिक्षणासाठी, नोकरीसाठी नाशिक, सुरत, पुण्याला जातात. भाड्याच्या खोलीसाठी फिरताना याच पायऱ्या त्यांना चढाव्या लागतात. शेवटची पायरी आली की खोली "कालच दिली" असते.

पवाराला गल्ली विचारतात याचा अर्थ आडनाव पुरत नाही. महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने डिसेंबर २०२० मध्ये वस्त्यांची जातिवाचक नावे काढून समतानगर, भीमनगर, क्रांतीनगर अशी नावे देण्याचा निर्णय घेतला. चांगलाच निर्णय. पण भीमनगर म्हटल्यावर घरमालकाला जे कळायचे ते कळतेच. जपानने १८७१ मध्ये बुराकू लोकांचा हीन दर्जा कायद्याने काढला आणि पुढे चार वर्षांत सर्वांना आडनाव सक्तीचे केले. तरी १९७५ मध्ये उघड झाले की त्यांच्या वस्त्यांच्या पत्त्यांच्या याद्या कंपन्या विकत घेत होत्या, अर्जदार कुठला ते तपासायला.

जिथे आडनावातून जात दिसते तिथले मोजमापही झाले आहे. सुखदेव थोरात आणि पॉल ॲटवेल यांनी वर्तमानपत्रांतल्या नोकरीच्या जाहिरातींना सारख्याच पात्रतेचे, फक्त वेगळ्या नावांचे अर्ज पाठवले. २००७ साली निष्कर्ष छापून आले. उच्चवर्णीय नावाच्या तुलनेत दलित नावाला पुढे बोलावणे येण्याची संधी सुमारे एक तृतीयांशाने कमी आणि मुस्लीम नावाला सुमारे दोन तृतीयांशाने कमी. या होत्या खासगी कंपन्या, ज्या रोज "मेरिट"चा जप करतात.

म्हणून काही तरुण विचारतात, ताई, आडनावच बदलून टाकले तर? युरोपचेच लावले तर? तो प्रयोग गोव्यात होऊन गेला आहे. पोर्तुगीज अमलात धर्मांतर झालेल्यांना पाद्री किंवा बाप्तिस्म्याच्या साक्षीदाराचे आडनाव मिळे. फर्नांडिस म्हणजे फर्नांदोचा मुलगा, पेरेरा म्हणजे नासपतीचे झाड. शंभर टक्के युरोपीय आडनाव! आणि चारशे वर्षांनीही बामण, चारडे, सुदीर हे भेद लग्न जुळवताना जिवंत राहिले. काही गावांत चर्चमधल्या धार्मिक मंडळांचे मानपान जातीने ठरत आले. धंद्याचे नाव गेले, देव बदलला, आडनाव लिस्बनचे आले, पण लग्न ज्याच्या त्याच्या कप्प्यात होत राहिले.

ज्याला आडनाव बदलायचे त्याने खुशाल बदलावे. राजपत्रात नोंद करून घ्यावी, तो हक्क आहे. कुणी आडनाव टाकून आई-वडिलांची नावे लावते, ते मला जास्त आवडते. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात आईचे नाव सरकारनेच घातले आहे. तमिळनाडूत पेरियारांच्या चळवळीने १९२९ मध्ये जातीची शेपटी तोडण्याचा ठराव केला आणि त्याचा परिणाम आजही दिसतो. पण तिथे शेपटी उच्च म्हणवणाऱ्यांनीही तोडायची होती. इथे आम्हीच लपायचे आणि पाटील-देशमुखांनी मिरवायचे, हा कुठला न्याय? शिवाय एक व्यवहाराची गोष्ट. जात पडताळणी समितीपुढे १० ऑगस्ट १९५० पूर्वीचे आजोबा-पणजोबांचे पुरावे लागतात. तुमचे आडनाव आणि त्यांचे आडनाव जुळले नाही तर नाते सिद्ध करताना चपला झिजतात. बदलायचे असेल तर राजपत्राची प्रत, शाळेचे दाखले आणि वंशावळीचे शपथपत्र आधी एका फाइलला लावा.

आता थोडे आपल्याकडे. शूमाखर विरघळला तो लग्नात. आपण काय करतो? धम्म स्वीकारून सहा दशके उलटली तरी आपल्याच वधू-वर परिचय मेळाव्याच्या फॉर्मवर "पोटजात" हा रकाना आहे, आणि त्यात लोक सोमवंशी, लाडवण असे बिनदिक्कत भरतात. बावीस प्रतिज्ञा घेतलेले लोक! मग आडनाव आणि गावावरून "आपल्यातला" की नाही हे बघतात. घरमालक विचारतो तेव्हा तो जातीयवाद आणि मुलीचा मामा विचारतो तेव्हा ती चौकशी, असे चालणार नाही.

आमच्या भागातल्या पुढच्या मेळाव्याच्या आयोजकांना मी लेखी पत्र दिले आहे की फॉर्ममधून हा रकाना काढा, आणि जागा उरली तर तिथे शिक्षण आणि आईचे नाव घाला. पत्रावर आतापर्यंत अकरा तरुणांच्या सह्या आहेत. साक्री, पिंपळनेर भागातल्या ज्यांना सही करायची असेल त्यांनी येत्या रविवारी विहारात यावे.

जय भीम.