विश्लेषण : खेळाडूंच्या धर्मगुरूंवर देखरेख कोणाची?

फेब्रुवारी २०२१ मध्ये मुंबईकर वसीम जाफरने उत्तराखंड क्रिकेट संघाचे प्रशिक्षकपद सोडले. संघनिवडीतील हस्तक्षेप हे त्याने दिलेले कारण. चर्चा मात्र रंगली शिबिरात आलेल्या मौलवींची. इंग्लंडमधील फुटबॉल क्लबांत धर्मगुरू असणे नेहमीचे. त्यांना ‘चॅप्लेन’ म्हणतात. आपल्याकडे तेच वादाचे का ठरले?

जाफरचे प्रकरण काय होते?

देहरादूनच्या शिबिरात, करोनाकाळातील निर्बंध असताना, शुक्रवारच्या नमाजासाठी मौलवी आले. जाफरवर संघात धार्मिक भेद केल्याचा आरोप झाला. तो त्याने फेटाळला. मौलवींना आपण नव्हे, इक्बाल अब्दुल्लाने बोलावले, व्यवस्थापकांची परवानगी घेतली होती आणि नमाज सरावानंतर झाला, असे त्याचे म्हणणे. अनिल कुंबळेने त्याला जाहीर पाठिंबा दिला. कोणी बोलावले यावर आठवडाभर खल झाला. बोलावण्याचा नियम काय, हे बाजूलाच राहिले.

चॅप्लेन करतो काय?

प्रार्थना हा त्याच्या कामाचा छोटा भाग. दुखापत, संपलेला करार, घरातला मृत्यू अशा वेळी, संघनिवडीशी संबंध नसलेला माणूस बोलायला मिळतो. तेच त्याचे बळ. इंग्लंडमध्ये बहुतेक जण हे काम मानधनाविना, अर्धवेळ करतात.

मग अडचण कुठे?

अमेरिकेत २००५ मध्ये वॉशिंग्टन नॅशनल्सचा बेसबॉलपटू रायन चर्च याने, येशूला न मानणारे ज्यू नरकात जाणार का, अशा अर्थाचा प्रश्न विचारला. चॅप्लेनने होकारार्थी मान हलवली. बातमी छापून आली, ज्यू समाजाने निषेध केला आणि क्लबने त्याला दूर केले. तो क्लबचा नोकर नव्हता. ‘बेसबॉल चॅपल’ या बाहेरच्या ख्रिस्ती संस्थेचा होता. वावर ड्रेसिंग रूममध्ये, बांधिलकी दुसरीकडे.

भारतात काय स्थिती?

पुण्याच्या पेठांतील तालमींत मारुती असतोच, त्यावरून कुणाची निवड अडत नाही. राज्य संघाचे तसे नाही. कर्णधार किंवा प्रशिक्षकच प्रार्थनेला बोलावत असेल, तर अठरा वर्षांचा नवखा खेळाडू ‘नाही’ कसे म्हणणार? पॅडी अप्टनसारखे मानसिक प्रशिक्षक निदान अधिकृत नेमणुकीने येतात. २०११ च्या विश्वचषकात ते भारतीय संघासोबत होते. धर्मगुरू येतो तो कुणाच्या तरी ओळखीने. सामन्याच्या दिवशी खेळाडूंच्या भागात ओळखपत्राशिवाय प्रवेश नसतो, पण तो बंदोबस्त सट्टेबाजांसाठी. आत आलेल्या धर्मगुरूने काय करावे आणि त्याची तक्रार कुठे न्यावी, हे त्या ओळखपत्रावर लिहिलेले नसते.